धरलेला नेम तुटतो कुठे? सवय टिकवायची नेमकी रीत इथं लिहा

मांजराकाठ – सोमवार, रात्री ९:१०

पाडवा आला, एक जानेवारी आली, शाळा उघडल्या की घरोघर नवे नेम सुरू होतात. पहाटे फिरणं, रात्री हिशोब लिहिणं, वाचन, तंबाखू सोडणं. पंधरवड्यात त्यातले बरेच बंद पडतात आणि "मनच घट्ट नाही" म्हणून विषय मिटवला जातो. या धाग्यात मनाला दोष द्यायचा नाही. नेम कुठं तुटला, कामून तुटला आणि परत सांधायचा कसा, एवढंच लिहा. आपल्याकडचं धरून लिहा: आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी, शेताची रात्रीची लाईट, एप्रिल-मेचं ऊन, सोयाबीनची रास, लग्नसराई. आपबीती नको, रीत हवी.

सुरुवात मी करतो. पहिली चूक नेम ठरवतानाच होते. "वजन उतरवायचं", "अभ्यास वाढवायचा", "खर्च आवरायचा" हे नेम नाहीत, इच्छा आहेत. इच्छा रोज पाळता येत नाही, कारण आज ती पाळली की नाही हे रात्री सांगताच येत नाही. नेमात तीन गोष्टी लागतात: कशानंतर, कुठं, किती. "संध्याकाळी डेअरीवर दूध घातलं की, तिथूनच तलावाच्या बांधावर, दोन फेऱ्या." असं एक वाक्य कागदावर उतरत नसेल तर नेम अजून ठरलेला नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात "अमुक झालं की तमुक करीन" अशा ठरावावर बरंच काम केलं. नुसतं "करायचंच" म्हणणाऱ्यांपेक्षा प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा घडतं, असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. ऐन वेळी विचार करायचं काम उरत नाही, आणि विचार करायची वेळ आली की माणूस बसून राहतो.

औशाचा_नवखा – सोमवार, रात्री ९:३२

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. तेवढं धरून चालावं का? बाविसाव्या दिवशी आपोआप होऊ लागतं का?

येळवस – सोमवार, रात्री १०:०५

नाही भाऊ, आणि या आकड्यानं लई माणसं नाउमेद केली आहेत. २१ हा आकडा सवयीच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलाच आहे हे रुग्णाच्या मनात बसायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढं सांगणाऱ्यांनी "किमान" गाळलं, चेहराही गाळला आणि आकडा तेवढा ठेवला.

सवयीचं खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ते २०१० मध्ये छापून आलं. ९६ जण, १२ आठवडे. प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी गोष्ट निवडून ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची. ती न आठवता, आपसूक होऊ लागायला लागलेला काळ सरासरी ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता (१२ आठवड्यांच्या पलीकडचे आकडे नोंदींवरून बांधलेला अंदाज आहेत). जेवणासोबत पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामासारखी उशिरा. आणखी एक निष्कर्ष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: मधला एखादा दिवस चुकला तर सवय बसण्याच्या चालीवर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

म्हणून आपल्या हिशोबात असं धरा. मृग निघताना धरलेला नेम श्रावणात कुठं अंगवळणी पडायला लागेल. २१ व्या दिवशी जड जात असेल तर ते बरोबरच चाललंय, चुकलेलं काही नाही.

काळंरान – सोमवार, रात्री १०:४८

मांजराकाठ दादांनी "कशानंतर" लिहिलं, त्यावर जास्त बोलायला पाहिजे. सगळा नेम त्या खुंटीवर टांगलेला असतो आणि खुंटीच हलती निवडली जाते.

आपल्याकडं न टिकणाऱ्या खुंट्या: नळाला पाणी आलं की (चौथ्या दिवशी येईल का दहाव्या, कोण सांगणार), लाईट आली की, पोरं शाळेत गेली की (दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत मोडते), पेपर आला की. आणि सगळ्यांत फसवी, "वेळ मिळाला की."

टिकणाऱ्या खुंट्या: गुरांची धार. ही सगळ्यांत पक्की, कारण म्हशीला रविवार नसतो आणि दिवसातून दोनदा येते. त्याखालोखाल सकाळचा चहा, दिवेलागण, रात्रीचं जेवण, झोपताना दाराची कडी. जेवणाची वेळ तासभर मागंपुढं होते, पण जेवण होतंच. म्हणून "रात्री ९ वाजता" असं लिहू नका, "ताट धुवायला टाकलं की" असं लिहा.

खुंटी निवडताना कामाचा शेवट निवडा, मधला भाग नाही. "दूध घालताना" म्हणाल तर कुठल्या क्षणी सुरू करायचं ते ठरत नाही. "घरी येऊन किटली धुतली आणि ओट्यावर पालथी घातली की" हा क्षण हाताला कळतो. भांडं पालथं पडल्याचा आवाज झाला, की पुढचं पाऊल. त्या पालथ्या किटलीशेजारी बूट असले पाहिजेत, आत मोजे खोचलेले. बूट घरात पलंगाखाली असले तर तिथवर जाताना पलंग लागतो, आणि पलंग लागला की संपलं. खुंटी आणि कृती यांच्यात बसायची जागा येता कामा नये. हे वाचायला लहान वाटेल, पण बहुतेक नेम याच चार पावलांत तुटतात.

गोदातीर – मंगळवार, सकाळी ७:२०

काळंरान काका, शेताघरात तुमचं बरोबर आहे. पण ज्यांची एसटी ठरलेल्या वेळेला निघते, ज्यांची अभ्यासिका ठरावीक वेळेला उघडते, त्यांनी घड्याळच धरावं. त्यांच्यासाठी घड्याळ हीच न हलणारी खुंटी आहे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंपनीत पाळ्या बदलतात त्यांना मात्र घड्याळ उपयोगाचं नाही. त्यांनी "उठल्यावर पहिल्या तासात" असं बांधावं. पहिली पाळी असो की रात्रपाळी, उठणं तर होतंच.

अभ्यासाच्या नेमाबद्दल लिहितो, कारण लातूर, नांदेड, संभाजीनगरात हजारो पोरंपोरी यातच अडकलेली असतात.

तास मोजू नका. "रोज १२ तास" असा नेम धरला की खुर्चीवर बसलेला वेळही अभ्यासात मोजला जातो. प्रश्न मोजा, पानं मोजा. "४० प्रश्न सोडवून चुकलेले वहीत उतरवणं" हा नेम आहे. बैठक ४५ ते ५० मिनिटांची, मग १० मिनिटं उठणं. त्या १० मिनिटांत फोन नाही, कारण फोनचे १० मिनिटं ४० होतात. फोन समोर पालथा ठेवून भागत नाही. तो बॅगेत, बॅग खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

दुसऱ्या दिवशीची सुरुवात आदल्या रात्री करून ठेवा. उठताना पुस्तक मिटायचं नाही. उद्याच्या पानावर उघडं ठेवून वर पेन आडवा, आणि एका चिठ्ठीवर उद्याचा पहिला प्रश्न हातानं लिहिलेला. सकाळी "आज काय वाचू" याच्यात जो अर्धा तास जातो तो वाचतो. उजळणी त्याच दिवशी रात्री, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. त्या तारखा धड्याच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून टाका, वेगळं वेळापत्रक आखत बसू नका. रंगीत वेळापत्रकात अर्धा दिवस जातो आणि वेळापत्रक झालं म्हणजे अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

गाव सोडून शहरात आलेल्यांसाठी आणखी एक. जागा बदलली की जुन्या सवयी गळतात, चांगल्याही आणि वाईटही. दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणाऱ्या घरांतल्या लेकरांचं तर घरच चार-पाच महिने बदलतं. तिथं "नेम सुटला" म्हणून रागावून उपयोग नाही, खुंटी नव्यानं ठोकावी लागते. पोहोचल्याच्या पहिल्या दोन दिवसांत ठरवायचं: इथं पाणी कधी तापतं, दिवा कुठं लागतो, वही कुठल्या खिळ्याला टांगायची.

औशाचा_नवखा – मंगळवार, सकाळी ८:०२

रास सुरू झाली की पंधरा दिवस माणूस घरातच नसतो. तेव्हा काय करायचं? नेम बंदच पडतो.

काळंरान – मंगळवार, दुपारी १:१५

त्यासाठी माप तीन ठरवायचे, तेही नेम धरायच्या दिवशीच. पुरं माप, अर्धं माप आणि चिमूट.

फिरण्याचं घ्या. पुरं माप ३० मिनिटं, अर्धं १५, चिमूट म्हणजे बूट घालून वेशीपर्यंत जाऊन परत. वाचनाचं: १० पानं, ४ पानं, १ परिच्छेद. हिशोबाचं: सगळ्या नोंदी, मोठ्या ३ नोंदी, नुसती आजची तारीख आणि शिल्लक. चिमूट इतकी लहान पाहिजे की मळणीयंत्राच्या धुराळ्यातून रात्री दहाला आलेला माणूसही ती हातपाय धुण्याच्या आत करू शकेल. दोन मिनिटांच्या वर गेली तर ती चिमूट नाही.

"दोन मिनिटांनी काय होणार" असं वाटतं. दोन मिनिटांनी वजन उतरत नाही हे खरं, पण किटली पालथी पडली की बूट पायात हा धागा शाबूत राहतो. पंधरा दिवसांनी रास उरकली की माप वाढवायचं असतं, नेम नव्यानं धरायचा नसतो. माप वाढवणं सोपं, नव्यानं धरणं अवघड.

मोडणारे दिवस आधीच ठाऊक असतात. कॅलेंडर घ्या आणि वर्षाचे लिहून टाका: पेरणी, पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीन काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, दिवाळी, लातूर-धाराशिवकडं येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण), तुरीची काढणी, फेब्रुवारी-मार्चात ज्वारी आणि हरभरा, मग लग्नाच्या तिथी. त्या तारखांवर पेन्सिलीनं "चि" लिहायचं. त्या दिवशी चिमूटच ठरलेली असली की "आज जमलं नाही" असं वाटत नाही. जे ठरवलं होतं तेच झालं.

आणि चुकलेल्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करायची नाही. काल फिरलो नाही म्हणून आज तासभर चालाल तर पोटऱ्या भरून येतात आणि परवाचा दिवसही जातो. एक दिवस गेला तर गेला. दुसरा सलग जाऊ द्यायचा नाही, मग त्या दिवशी चिमूट का असेना.

दिवेलागण – मंगळवार, संध्याकाळी ७:४०

रामकृष्ण हरी. तुम्ही सगळे जे सांगताय ते आपल्या चातुर्मासाच्या नेमात जसंच्या तसं आहे. ते उलगडून बघण्यासारखं आहे, म्हणून लांबवतो.

आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. या काळात घरोघर एखादा नेम धरतात: वांगं वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, रोज हरिपाठ, रोज एक वात. चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. येळवस दादांनी सांगितलेल्या ६६ दिवसांच्या सरासरीपेक्षा बराच जास्त. अधिक महिना मध्ये आला तर पाच महिने होतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा २९ जूनला धरलेला नेम २३ नोव्हेंबरला सुटला.

हा नेम का टिकतो ते बघा. एकतर तो एकच असतो. कोणी वांगं, कांदा, चहा आणि दुपारची झोप एकदम सोडत नाही. दुसरं, तयारी ठरलेली असते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात, कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ करून घरातला कांदा संपवतात. दोन दिवसांनी टोपलीत कांदाच नसतो. मनाला आवर घालायचं काम निम्म्यानं कमी झालं. आजच्या नेमात ही कांदेनवमी कोणी करत नाही, तिथं चुकतं. गोड बंद करायचं ठरवतात आणि फळीवर बिस्किटाचे पुडे तसेच. आधी संपवा, वाटून टाका, नवे आणू नका. मग नेम धरा.

तिसरं, स्वयंपाक करणाऱ्या माउलीला ठाऊक असतं. नेम एकट्याच्या मनात नसतो, चुलीपाशी असतो. "यंदा भाऊजींना वांगं चालत नाही" हे सगळ्या घराला माहीत, पाहुण्यांनाही माहीत. नेम चारचौघांना सांगून मिरवायची गरज नाही, पण ज्याच्या हातात आपलं ताट आहे, ज्याच्यासोबत आपण टपरीवर उभे राहतो, त्या एक-दोघांना सांगावाच लागतो.

चौथं, शेवट ठरलेला असतो. कार्तिकीला उद्यापन. "जन्मभर" म्हटलं की दुसऱ्याच आठवड्यात छाती दडपते. "कार्तिकीपर्यंत" म्हटलं की माणूस निभावून नेतो. उद्यापनाच्या दिवशी थांबून विचार करायचा की पुढं धरायचा, बदलायचा का सोडायचा. सोडला तरी तो मोडलेला नसतो, पुरा झालेला असतो.

पूर्णामाय – मंगळवार, रात्री ९:२५

दिवेलागण बाबा, कांदेनवमीचं अगदी मनातलं बोललात. मी तब्येतीच्या नेमांबद्दल लिहिते, कारण तिथं तुटलं तर जिवावर येतं.

आधी बीपीच्या गोळीचं. हा नेम नेमका चांगलं वाटायला लागलं की तुटतो. तपासणीत १२०/८० आलं, डोकं दुखेनासं झालं, की "आता बरं झालं" म्हणून गोळी बंद. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळं आलं. बंद केली की पुन्हा चढतं, आणि चढलेलं कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही, माप कमी नाही.

गोळी पाकिटातून थेट घेऊ नका. मेडिकलवर सात खणांची डबी मिळते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती भरायची. बाजाराचा वार कोणी विसरत नाही, म्हणून आठवड्याच्या कामाला यापेक्षा चांगली खुंटी नाही. डबी देवघरात नाही, औषधांच्या पिशवीतही नाही. चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवा, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर. सकाळी चहाचं आधण ठेवलं की खण उघडायचा. घेतली की नाही अशी शंका आली तर खण बघायचा. रिकामा असेल तर घेतलेली आहे, वर दुसरी घ्यायची नाही.

शुगरवाल्यांनी एकादशी-चतुर्थी आली की आधी डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हातापायाला थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली की उपास तिथंच सोडायचा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं आणि मग काहीतरी खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आता चालणं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दमवणारी हालचाल सांगते. म्हणजे ३० मिनिटं, पाच दिवस. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या चालीनं. हे एकदम करायची गरज नाही. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाललं तरी चालतं, आणि जेवणानंतरचं चालणं साखरेला जास्त मानवतं. शेतात दिवसभर राबणाऱ्या बायांना वेगळं फिरायला सांगू नये, त्यांना झोप आणि पोटभर जेवणाचा नेम जास्त गरजेचा आहे.

चालण्याचा नेम आपल्याकडं वर्षात दोनदा तुटतो. पहिल्यांदा पावसात. काळ्या रानाची वाट भिजली की चपलेला चार बोटं चिखल चढतो, पाय उचलत नाही, घसरून पडायची भीती. तेव्हा रान सोडून द्या. शाळेचा व्हरांडा, मंदिराचा सभामंडप, घराची गच्ची, नाहीतर डांबरी रस्त्याची कड. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये. पारा ४२-४३ वर जातो, सकाळी आठलाच चटके बसतात. सातच्या आत उरकायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. खुंटी बदलायची असेल तर ती पाडव्याच्या आसपास, ऊन तापायच्या आधीच बदला. उन्हात चार दिवस हाल होऊन मग बदलायला गेलं की तोवर नेम सुटलेला असतो.

शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये. मोजे, बंद बूट, आणि परतल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघणं हा त्या चालण्याचाच भाग. पायाची जाणीव कमी झालेली असली तर काटा, फोड कळत नाही.

औशाचा_नवखा – बुधवार, सकाळी ६:५५

ताई, तंबाखू-चुन्याचं पण सांगा. नवं धरायचं जमतं, हे सुटत नाही.

पूर्णामाय – बुधवार, दुपारी २:१०

सुटतं भाऊ, पण धरण्याची आणि सोडण्याची रीत वेगळी आहे. सवय सोडताना खुंटी तशीच राहते, तिच्यावर दुसरं काहीतरी टांगावं लागतं.

आधी तीन दिवस काही सोडू नका. फक्त दर वेळी मळली की कागदावर वेळ आणि प्रसंग लिहा. शौचाला जाताना, जेवल्यावर, गाडीवर बसताना, कोणी हात पुढं केला म्हणून. बहुतेकांचे पाच-सहा प्रसंग निघतात. प्रत्येकासमोर बदली लिहा. जेवल्यावर भाजलेली बडीशेप आणि ओवा, गाडीवर बसताना एक लवंग, सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी. सुपारी बदली म्हणून घेऊ नका, सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

मग दिवस ठरवून एकदम बंद. आदल्या रात्री तुमची कांदेनवमी: पुडी, चुन्याची डबी, गाडीच्या डिकीतली, उशाखालची, सदऱ्याच्या खिशातली, सगळी बाहेर. खिसा उलटा करून झटका, खिशातल्या भुग्याचा वाससुद्धा तलफ आणतो. डबी कोणाला ठेवायला देऊ नका, टाकून द्या.

तलफ एका वेळी साधारण ३ ते ५ मिनिटं जोर करते आणि ओसरते. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवायचं: पाणी, लवंग, जागेवरून उठून शंभर पावलं. पहिले ३-४ दिवस सगळ्यांत जड. चिडचिड, झोप उडणं, पोट साफ न होणं हे होतं. तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. पोटासाठी पाणी आणि भाजीपाला वाढवा, नाहीतर "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून माणूस परत मळतो. याच कारणानं परत फिरणारे लई आहेत.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही फुकट आहे. दिवसाला खूप वेळा लागत असेल तर डॉक्टरांना निकोटीनच्या च्युइंगमबद्दल विचारा. एकदा हात गेला तर सगळं संपलं असं धरू नका. कुठल्या प्रसंगी गेला ते लिहा, त्या प्रसंगाची बदली बदला.

येळवस – बुधवार, रात्री ८:३०

नोंदीबद्दल राहिलं. मोबाइलमधल्या सवयीच्या बऱ्याच ॲपांत एक खोट आहे. ४० दिवसांची सलग साखळी एका चुकीनं शून्यावर येते. प्रत्यक्षात ४० दिवस कुठं गेले नाहीत, पण शून्य बघून माणूस हात झाडतो. भिंतीवरचं कॅलेंडर बरं. त्यावर तीन खुणा ठरवा: पुरं किंवा अर्धं माप झालं तर गोल, चिमूट झाली तर टिंब, चुकलं तर फुली. फुलीशेजारी कारण एका शब्दात: लाईट, पाहुणे, झोप, पाऊस, कंटाळा. चौकोन कोरा ठेवायचा नाही. कोऱ्या चौकोनातून काहीच कळत नाही, फुलीतून कळतं.

महिनाअखेर फुल्या कारणांप्रमाणे मोजा. समजा नऊ फुल्या निघाल्या, त्यातल्या पाच "झोप". मग दुरुस्ती पहाटेच्या नेमाची नाही, रात्रीची करायची. गजर एकदम तासभर मागं ओढू नका. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं. सुटीच्या दिवशीही उठायची वेळ तीच ठेवा, झोप कमी पडली तर दुपारी २० मिनिटं पडा, त्यापेक्षा जास्त नाही. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करून बघा, त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो. नऊपैकी पाच "कंटाळा" निघाले तर माप मोठं आहे, ते निम्मं करा. पाच "पाहुणे" निघाले तर खुंटी संध्याकाळची आहे, ती सकाळी न्या. एका महिन्यात एकच दुरुस्ती. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं जमलं ते कळत नाही.

मांजराकाठ – बुधवार, रात्री ९:५०

येळवस दादा, ही फुल्यांची मोजणी पहिल्या पोस्टमध्ये जोडून घेतो. एक प्रश्न राहतो. शेताच्या लाईटीची पाळी बदलते. रात्रीची पाळी आली की माणूस रात्रभर मोटारीपाशी, पाणी द्यायला. त्या आठवड्यात पहाटेचा नेम कसा ठेवायचा?

काळंरान – बुधवार, रात्री १०:३०

ठेवायचाच नाही. रात्रभर दारं मोडत (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत) ओल्यात उभा राहिलेला माणूस पहाटे पाचला फिरायला निघाला तर ते शरीरावर उलटतं. त्या आठवड्यात झोप हाच नेम. घरी आल्यावर हातपाय धुऊन, खोली अंधारी करून सलग सहा-सात तास. दाराला पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांना सांगून ठेवायचं की दुपारपर्यंत हाक मारू नका.

लाईटीचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी कॅलेंडरवर रात्रपाळीच्या सगळ्या चौकोनांत "चि" लिहून टाका. गोदातीर भाऊंनी पाळीवाल्यांना सांगितलं तेच इथं लागू करा: चिमूट उठल्यावर करायची, मग ते दुपारचे दोन का असेनात. रात्री मोटारीपाशी जागं राहायला तंबाखू मळली जाते, तेव्हा ज्यांनी सोडायला घेतली आहे त्यांनी खिशात बडीशेपेची पुडी आधीच ठेवावी. दिवसाची पाळी परत आली की पहिले दोन दिवस अर्धं माप, तिसऱ्या दिवसापासून पुरं.

औशाचा_नवखा – गुरुवार, सकाळी ६:१५

काका, वाक्य असं लिहिलंय, बरोबर आहे का बघा: "सकाळची धार काढून किटली पालथी घातली की, घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, जाऊन-येऊन एक फेरी. चिमूट: वेशीपर्यंत. कार्तिकीपर्यंत."

काळंरान – गुरुवार, दुपारी १२:४०

बरोबर आहे. एकच बदल. तू डेअरीवर दूध घालतोस का घरीच ठेवतोस ते बघ. डेअरीवर घालत असशील तर धार काढल्यावर घाई असते, तेव्हा किटली पालथी पडत नाही. ती डेअरीवरून आल्यावर पडते. खुंटी तिथं ठोक. आणि बूट आजच रात्री ओट्यावर आणून ठेव.